झाकली मूठ

वाफेच्या इंजिनाच्या पोटात काही राहत नाही. दट्ट्याचा दांडा मागेपुढे सरकताना दिसतो, त्याला जोडलेली चाकं फिरताना दिसतात, चढ लागला की धाप ऐकू येते. फलाटावर उभ्या असलेल्या पाच वर्षांच्या पोरालाही ते कसं चालतं याचा अंदाज बांधता येतो. डिझेल इंजिनाचं तसं नाही. बाहेरून पाहिलं तर चाकांवर ठेवलेली एक लांबट पेटी. ती गुरगुरते, थोडा धूर सोडते आणि चालू लागते. का चालू लागते, हे तिच्या चेहऱ्यावर कुठंच लिहिलेलं नसतं. रेल्वेच्या वेडानं झपाटलेल्या लोकांनी आधी वाफेची इंजिनं वाचवली आणि डिझेलकडे वळायला उशीर केला, तो यामुळेही. शिवाय वाफेचा काळ संपवला तो याच पेट्यांनी. त्यांच्याबद्दल माया वाटणार कशी?

डिझेल इंजिन म्हणजे झाकली मूठ. ती उघडून पाहायची तर चालकाच्या केबिनमध्ये चढावं लागतं. त्यासाठी आपण जाऊ या आयर्लंडला, कारण डिझेलचा सगळा इतिहास, त्यातली फजिती आणि त्यातलं शहाणपण, या छोट्या देशात मोजक्या इंजिनांत सामावलेला आहे.

कोळसा नसलेला देश

आयर्लंडची पंचाईत साधी होती. रेल्वे भरपूर, कोळसा जवळजवळ नाही. कॅसलकोमर, अरिग्ना इथल्या खाणी लहान. इंजिनांचा बहुतेक कोळसा समुद्रापलीकडून, ब्रिटनमधून यायचा. दुसऱ्या महायुद्धात तो आटला. उरलासुरला चुरा, पीट म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली माती, जे मिळेल ते भट्टीत टाकून गाड्या चालल्या. वाटेत वाफ पडायची, गाडी माळावर थांबायची, भट्टी साफ करून पुन्हा पेटवायची आणि पुढे निघायचं. युद्ध संपल्यावरही सुटका झाली नाही. १९४७ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात तर कोळशाअभावी बहुतेक प्रवासी गाड्या काही महिने बंदच ठेवाव्या लागल्या.

तेव्हा देशाची रेल्वे ‘कोरस इंपर एरन’ या संस्थेकडे होती. सगळे तिला सीआयई म्हणतात. १९५० मध्ये तिचं राष्ट्रीयीकरण झालं. तिथे ऑलिव्हर बुलीड हा नामांकित, थोडा विक्षिप्त ब्रिटिश अभियंता आला. घरचंच इंधन वापरावं म्हणून त्यानं पीटवर चालणारं वाफेचं इंजिन बांधलं. १९५७ मध्ये ते रुळांवर आलं. तोवर मात्र देशानं वाट बदलली होती. सीआयईनं मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स या ब्रिटिश कंपनीकडे एकदम ९४ डिझेल इंजिनांची मागणी नोंदवली होती: ६० मोठी, ‘ए’ वर्गाची, आणि ३४ लहान, ‘सी’ वर्गाची. १९५५ पासून ती येऊ लागली. चंदेरी रंगाची, चकचकीत.

या इंजिनांच्या पोटात क्रॉस्ली कंपनीचं दोन धावांचं यंत्र होतं आणि तिथेच घोडं अडलं. ते धूर ओकायचं, हादरायचं आणि वारंवार बिघडायचं. ए वर्गाची १२०० अश्वशक्ती कागदावर भारदस्त दिसत होती. शेडमध्ये मात्र दुरुस्तीची रांग संपेना. हे दुखणं एकट्या आयर्लंडच्या वाट्याला आलं नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या आणि खुद्द ब्रिटनच्या रेल्वेलाही क्रॉस्लीनं असंच छळलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही मूठ पहिल्या काही वर्षांतच उघडी पडली.

मग सीआयई अमेरिकेकडे वळली. जनरल मोटर्सच्या इलिनॉयमधल्या ला ग्रेंज कारखान्यातून १९६१ च्या सुरुवातीला १५ इंजिनं जहाजानं आली. करड्या-पिवळ्या रंगाची, एका टोकाला केबिन आणि पुढे लांबलचक नाक असलेली. हा १२१ वर्ग. ती चालकांच्या आणि दुरुस्तीवाल्यांच्या इतकी पसंतीस उतरली, की पुढच्याच वर्षी ३७ इंजिनांचा १४१ वर्ग आला आणि १९६६ मध्ये १२ इंजिनांचा १८१ वर्ग. दरम्यान १९६३ मध्ये सीआयईच्या नेहमीच्या सेवेतून वाफ संपली. अनेक मोठ्या देशांच्या बरीच वर्षं आधी आयर्लंड डिझेलचा झाला.

उरला प्रश्न क्रॉस्लीच्या इंजिनांचा. सांगाडा उत्तम, विजेचे भाग उत्तम, काळीज तेवढं नासकं. १९६८ ते १९७१ या काळात ए वर्गाच्या इंजिनांतून क्रॉस्ली काढून जनरल मोटर्सचं यंत्र बसवलं गेलं. सी वर्गाचंही तेच झालं. ए वर्गाच्या क्रमांकामागे एक ‘आर’ लागला आणि ती इंजिनं आणखी सुमारे पंचवीस वर्षं निमूट राबली.

केबिनमध्ये

उत्तर आयर्लंडच्या काउंटी डाउनमध्ये डाउनपॅट्रिक नावाचं गाव आहे. आयर्लंडचा संत पॅट्रिक इथेच चिरनिद्रा घेतो आहे अशी श्रद्धा. गावातून बेलफास्ट अँड काउंटी डाउन रेल्वेचा मार्ग जायचा. याच रेल्वेला टायटॅनिक बांधणाऱ्या बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ गोदीनं १९३३ मध्येच एक डिझेल-विद्युत इंजिन दिलं होतं. १९५० मध्ये मार्ग बंद झाला, रूळ उखडले. पुढे हौशी मंडळींनी त्याचा काही किलोमीटरचा तुकडा स्वतःच्या हातांनी पुन्हा घातला. एका बाजूला इंच अ‍ॅबी या मध्ययुगीन मठाचे अवशेष, दुसऱ्या बाजूला ‘अनवाणी मॅग्नस’ या नॉर्वेच्या राजाचं मानलं जाणारं दफनस्थान. तो ११०३ मध्ये या भागात लढताना मारला गेला. या छोट्या मार्गावर जतन केलेल्या इंजिनांत ए वर्गाचं ए ३९ आहे, सी वर्गाचं सी २३१ आहे आणि जनरल मोटर्सचं १४६ क्रमांकाचं इंजिनही आहे. कल्पनेनं आपण १४६ वर चढू.

उभी लोखंडी शिडी, दोन्ही हातांनी धरायचे दांडे. रेल्वेच्या डब्यात आपण शिरतो. इंजिनावर मात्र चढावंच लागतं. आत गेल्यावर पहिला भेटतो तो वास: गरम तेल, डिझेल, जुना रंग. दुसरी जाणवते ती अडचण. बाहेरून एवढं मोठं दिसणारं हे धूड माणसासाठी जेमतेम एका न्हाणीघराएवढी जागा ठेवतं. बाकी सगळं यंत्राचं.

यंत्र चालू करण्याआधी एक विधी असतो. बरेच दिवस उभ्या असलेल्या इंजिनाच्या सिलिंडरमध्ये गळतीचं पाणी साचलेलं असू शकतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. तसंच चालू केलं तर दट्ट्याचा दांडा वाकेल. म्हणून प्रत्येक सिलिंडरची छोटी तोटी उघडून यंत्र आधी नुसतं फिरवून बघतात. तोटीतून पाणी आलं, तर काम तिथेच थांबतं. नाही आलं, तर तोट्या बंद करून खरी सुरुवात. बॅटरीची वीज मुख्य जनित्रात सोडतात. एरवी वीज बनवणारं हे जनित्र काही क्षण उलटी भूमिका घेतं, मोटर होतं आणि यंत्राला फिरवतं. एक कण्हणं, एक खोकला, मग दुसरा, आणि सगळी केबिन थरथरायला लागते.

ही थरथर मोजता येते. यंत्राचं नाव ५६७. प्रत्येक सिलिंडरचं आकारमान ५६७ घनइंच, म्हणजे सुमारे ९.३ लिटर. आपल्या दारातल्या छोट्या कारच्या सगळ्या सिलिंडरचं मिळून भरतं एक-सव्वा लिटर. इथे एकाचंच नऊ, आणि असे आठ. नुसतं उभं असताना यंत्र मिनिटाला सुमारे २७५ फेरे घेतं. दोन धावांचं असल्यानं प्रत्येक सिलिंडर प्रत्येक फेऱ्याला पेट घेतो. आठ गुणिले २७५ भागिले साठ: सेकंदाला सदतीसच्या आसपास स्फोट. कानाला ते वेगळे ऐकू येत नाहीत, पण बाकाला, पायाखालच्या पत्र्याला आणि खिडकीच्या काचेला ते कळतात. दोन धावांच्या यंत्राला जळालेला वायू स्वतःहून बाहेर ढकलायला सवड नसते. म्हणून पंप सतत ताजी हवा आत घुसवत राहतो आणि तीच जुन्याला हुसकावते. या पंपाची शीळ स्फोटांच्या गडगडाटात मिसळली, की जनरल मोटर्सचा तो ओळखीचा सूर तयार होतो.

आता मुठीतलं खरं गुपित. एवढं मोठं यंत्र चाकांना कशानं जोडलेलं आहे? कशानंच नाही. क्लच नाही, गिअरची दांडी नाही. यंत्र फक्त जनित्र फिरवतं, जनित्र वीज बनवतं आणि ती वीज जाड तारांतून खाली चाकांच्या आसांजवळ बसवलेल्या मोटरींना जाते. म्हणजे हे डिझेल इंजिन मुळात विजेचंच इंजिन आहे. आपलं वीजघर पाठीवर घेऊन हिंडणारं. असा द्राविडी प्राणायाम कशासाठी? कारण उभी गाडी हलवायला सर्वात जास्त जोर लागतो आणि डिझेल यंत्र नेमकं तेव्हाच दुबळं असतं; मंद फिरताना त्यात ताकद नसते. विजेच्या मोटरीचा स्वभाव उलटा: ती थांबलेली असतानाच सर्वात जास्त रेटते. एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

चालकाच्या हातात थ्रॉटलचा दांडा असतो, त्याला आठ खाचा. सुरुवातीला पहिली खाच. यंत्राचा आवाज फारसा बदलत नाही, पण विद्युतप्रवाह दाखवणारा काटा सरकतो आणि डब्यांच्या जोडण्या एकेक करून ताणल्या जातात. नवशिक्याला इथे चुकल्यासारखं वाटतं. मोटारीत पेडल दाबलं की गाडी लगेच उत्तर देते. इथे हुकूम आणि हालचाल यांच्यात एक श्वासभर जागा असते. जनित्रावरचा भार हळूहळू वाढवणारी यंत्रणा मध्ये बसलेली आहे, घाई तिला मान्य नाही. दुसरी खाच, तिसरी. आता आवाज चढतो. आठव्या खाचेत यंत्र मिनिटाला आठशेहून अधिक फेरे घेतं आणि सेकंदाला शंभराहून जास्त स्फोट होतात. बोलायचं असेल तर ओरडावं लागतं. जतन केलेल्या छोट्या मार्गावर आठव्या खाचेपर्यंत जायची वेळ क्वचितच येते.

चालकाची नजर वेगाच्या काट्यावर असते त्याहून जास्त त्या प्रवाहाच्या काट्यावर असते. जड गाडी, चढ आणि कमी वेग जमून आले की मोटरींतून प्रचंड प्रवाह वाहतो आणि त्या तापतात. किती प्रवाह किती मिनिटं सोसता येईल याचे हिशेब ठरलेले असतात. ओल्या रुळावर एखादं चाक घसरलं तर इशारा मिळतो. चालक थ्रॉटल थोडा मागे घेतो, रुळावर वाळू सोडतो. आयर्लंडात ओल्या रुळांना तोटा नाही.

चालवणं सोपं, थांबवणं अवघड

पुढच्या काचेतून रूळ दिसू लागले की आपल्या डोळ्यांना काहीतरी वेगळं जाणवतं आणि ते नेमकं काय हे पटकन उमगत नाही. आपल्या ब्रॉडगेजचे रूळ १६७६ मिलिमीटर अंतरावर असतात. आयर्लंडचे १६०० मिलिमीटरवर. बरोबर तीन इंचांनी अरुंद, आणि जगातल्या बहुसंख्य देशांच्या १४३५ पेक्षा रुंद. हा मधलाच आकडा आला कुठून? १८४० च्या दशकापर्यंत आयर्लंडमधल्या निरनिराळ्या कंपन्यांनी निरनिराळे गेज घातले होते: डब्लिन-किंग्सटाउनचा चार फूट साडेआठ इंच, डब्लिन-ड्रॉहेडाचा पाच फूट दोन इंच, अल्स्टर रेल्वेचा सहा फूट दोन इंच. तंटा सोडवायला लष्करातला अभियंता चार्ल्स पॅसली याला नेमलं. सगळ्यांचं ऐकून त्यानं मध्यम मार्ग म्हणून पाच फूट तीन इंचांचा तोडगा काढला आणि १८४६ मध्ये त्याचा कायदा झाला. पुढे आयर्लंडची फाळणी झाली, मधोमध सरहद्द आली. रुळांमधलं अंतर मात्र दोन्हीकडे एकच राहिलं. म्हणून तर दक्षिणेच्या सीआयईचं १४६ आज उत्तरेतल्या डाउनपॅट्रिकला धावू शकतं.

चालकापुढे ब्रेकचे दोन दांडे असतात. एक फक्त इंजिनाचा, दाबलेल्या हवेवर चालणारा. दुसरा संपूर्ण गाडीचा, निर्वात ब्रेकचा. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांतही हाच ब्रेक होता. गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नळी जाते आणि तिच्यातली हवा सतत शोषून घेतलेली असते. हवा आत सोडली की ब्रेक लागतात; नळी तुटली, डबा सुटला, तरी हवा आत शिरते आणि ब्रेक आपोआप लागतात. बिघाड झाला तर गाडी थांबलीच पाहिजे, हे सूत्र या नळीत मुरलेलं आहे. चालकाला काही झालं तर काय, याचाही विचार केलेला असतो. डिझेलवर भट्टीत कोळसा टाकणाऱ्या सोबत्याची गरज नाही, चालक एकटा असू शकतो. म्हणून त्याला एक पेडल किंवा दांडा दाबून धरावा लागतो. पकड सुटली की काही क्षणांत गाडी स्वतःच थांबायला लागते.

हवा नळीत शिरून शेवटच्या डब्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. त्यामुळे ब्रेक लावायचा तो दिसणाऱ्या फलाटासाठी नाही, अजून न दिसणाऱ्या फलाटासाठी. चालकाला मार्ग पाठ असावा लागतो: कुठे उतार सुरू होतो, कोणत्या झाडापाशी हात हलवायचा, क्वॉइल नदीच्या पुलानंतर गाडी किती धावेल. थोडा ब्रेक, मग सोडणं, मग पुन्हा थोडा. चांगला चालक गाडी थांबवतो तेव्हा डब्यातल्या चहाला कळतही नाही.

जुन्या आयरिश एकेरी मार्गांवर आणखी एक गोष्ट केबिनमध्ये असायची: धातूचा दंडा. तो ज्याच्या हाती, त्यालाच पुढच्या स्टेशनापर्यंतच्या रुळावर जायचा हक्क. विजेच्या यंत्रात असे दंडे कुलूपबंद असत आणि दोन्ही टोकांच्या यंत्रांतून मिळून एका वेळी एकच बाहेर निघे. आपल्याकडे याच कामासाठी धातूचा गोळा असायचा. स्टेशनमास्तरानं रिंगला अडकवून धरलेला गोळा चालत्या इंजिनातून उचलून घेणारा हात कोकणात आणि देशावर अनेकांनी पाहिला आहे. वस्तूचा आकार बदलला तरी भरवसा तोच: हातात आहे, म्हणजे समोरून कोणी येत नाही.

आणि १२१ वर्गाचं ते लांब नाक? केबिन एकाच टोकाला असल्यामुळे उलट दिशेनं चालवताना चालकाला यंत्राच्या लांब पेटीवरून सिग्नल शोधावे लागत. म्हणून सुरुवातीच्या काळात ही इंजिनं टर्नटेबलवर फिरवून घेत. वाफेसाठी बांधलेली टर्नटेबलं डिझेलच्या राज्यात जपून ठेवावी लागली. १४१ वर्गाला दोन्ही टोकांना केबिन आली ती याच अनुभवातून. पुढे दोन १२१ पाठीला पाठ लावून जोडली, की प्रश्न मिटायचा: दोन्हीकडे केबिन, दोन यंत्रं, चालक एकच.

वाचवायचं म्हणजे काय

१९८९ मध्ये आयरिश ट्रॅक्शन ग्रुप ही संस्था मुख्यतः डिझेल इंजिनं वाचवण्यासाठीच उभी राहिली. तिचा तळ टिपरेरी काउंटीतल्या कॅरिक-ऑन-शुअरला. त्याआधी १९६४ मध्ये स्थापन झालेल्या आयर्लंडच्या रेल्वे जतन संस्थेनं वाफेची इंजिनं वाचवली होती. पुढे तिनंही जनरल मोटर्सची काही इंजिनं जपली, त्यात १२१ वर्गाचं १३४ आहे. रॉसकॉमन काउंटीतल्या कॅसलरे गावात तर ए ५५ चक्क एका पबमध्ये उभं आहे. लोक त्याच्या शेजारी बसून बिअर पितात.

यात एक पेच आहे. ए ३९ पाहायला आलेल्या जाणत्याला ठाऊक असतं की आत क्रॉस्ली नाही. बाहेरचं अंग १९५० च्या दशकातलं, काळीज नंतर बसवलेलं. मग हे अस्सल म्हणायचं का? मला वाटतं, म्हणावं. क्रॉस्ली फसलं आणि ते बदलावं लागलं, हाच या इंजिनाचा इतिहास आहे. तो पुसून मूळचं यंत्र परत बसवलं असतं तर गोष्ट अर्धी राहिली असती.

खरी अडचण वेगळीच. उभं इंजिन जपायला रंग आणि छप्पर पुरतं. चालतं इंजिन जपायला माणसं लागतात: तोटीतून आलेलं पाणी ओळखणारी, प्रवाहाचा काटा आणि आवाज यांचा मेळ बसतो का हे कानानं ताडणारी. नोव्हेंबर २०२३ मध्ये डाउनपॅट्रिकला मोठा पूर आला. गावासोबत रेल्वेचं आवारही पाण्याखाली गेलं. डिझेल इंजिनाच्या विद्युत मोटरी चाकांच्या मध्ये, अगदी खाली लटकतात. पुराचं पाणी आधी गाठतं ते त्यांनाच. अशा वेळी पैसे लागतातच, पण मोटर उघडून, सुकवून, तपासून पुन्हा बसवणारे हात नसतील तर पैशाचं काही होत नाही.

जनरल मोटर्सचं ५६७ पुढे वाढत ६४५ झालं, मग ७१०. हे ७१० जातीचं यंत्र १९९० च्या दशकात आयर्लंडच्या २०१ वर्गात आलं आणि त्याच दशकाच्या अखेरीस भारतीय रेल्वेतही. कोकण रेल्वेवर २०२२ मध्ये संपूर्ण विद्युतीकरण झालं, त्याआधी या घराण्याची इंजिनं तिथे धावायची. करबुडे बोगद्यातून बाहेर पडताना ज्यांनी ती गडगड ऐकली आहे, त्यांना डाउनपॅट्रिकच्या १४६ चा आवाज परका वाटणार नाही. घराणं तेच, हा आजोबा.

इंच अ‍ॅबीला गाडी थांबते. चालक थ्रॉटल शून्यावर आणतो, ब्रेक लावतो आणि दिशा ठरवणारा छोटा दांडा उपसून खिशात घालतो. तो दांडा नसेल तर हे सगळं धूड जागचं हलत नाही. साडेनऊशे अश्वशक्तीची किल्ली आता एका माणसाच्या कोटात आहे. शिडीवरून खाली उतरल्यावर मागे वळून पाहिलं, तर चाकांवर ठेवलेली तीच लांबट पेटी, तशीच गुरगुरणारी. फक्त आता तळव्यांना अजून मुंग्या येत असतात, आणि सेकंदाला सदतीस वेळा आत काय चाललं आहे ते आपल्याला माहीत असतं.